कळांच्या वेळची सोबत

‘‘म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?’’ हा प्रश्न मला लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात, बँकेत फॉर्म भरताना, सगळीकडे विचारला जातो. व्यवसायाच्या रकान्यात मी ‘डूला’ असं लिहिते आणि समोरचा माणूस चष्मा वर करून बघतो. मग मी सांगते, बाई बाळंत होत असताना तिच्याजवळ बसून राहणं हे माझं काम. ‘‘म्हणजे सुईण?’’ नाही. ‘‘नर्स?’’ तीही नाही. ‘‘मग नुसतं बसायचे पैसे?’’ हो, बरेचसे नुसतं बसायचेच. हे बसणं म्हणजे काय आणि त्याची गरज का पडते, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

डूला हा शब्द मूळ ग्रीक. सेवा करणारी बाई, दासी असा त्याचा अर्थ. डाना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली स्तनपानावरच्या आपल्या पुस्तकात तो नव्या आईला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला आणि पुढे तो रूढ झाला. शब्द परका असला तरी काम आपल्याला परकं नाही. पूर्वी घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा सुईण तर असायचीच. पण आई, काकू, शेजारची चार बाळंतपणं झालेली एखादी म्हातारी, अशा बायाही खोलीत असायच्या. कुणी कंबर चोळायची, कुणी पाणी गरम करायची, कुणी नुसतीच ‘होतंय गं, होतंय’ म्हणायची.

ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्या खोल्यांमध्ये किती बायका आणि किती बाळं दगावली हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण घरातून दवाखान्यात जाताना एक गोष्ट मागे राहिली. सुईणीच्या जागी डॉक्टर आले, नर्स आल्या. जवळ बसणाऱ्या बाईच्या जागी मात्र कुणीच आलं नाही. ती बाहेरच्या बाकावर बसली आणि दार बंद झालं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या पहिल्या वेळी माझी आई अशीच एका दवाखान्यातल्या बाकावर बसून होती. आत मी डोक्यावरच्या दिव्याकडे बघत पडले होते. उठू का, विचारलं तर ‘गप पडून राहा’ असं उत्तर आलं. शेवटी छेद घेतला तो कात्री लागल्यावर कळला. बाळ सुखरूप होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं की आपणच जरा नाजूक मनाच्या.

आता या एकटेपणाचा शरीराशी काय संबंध, ते पाहू. कळा येतात त्या ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे. बाईला निर्धास्त वाटत असेल तर ते नीट स्रवतं. भीती वाटली की अॅड्रेनलिन वाढतं. हे संकटातून पळण्यासाठीचं संप्रेरक. ते वाढलं की कळा मंदावू शकतात आणि बाळंतपण लांबतं. घरी जोरात येणाऱ्या कळा दवाखान्याच्या पायरीवर थांबल्या, असं पुष्कळ बायका सांगतात. त्यात नवल नाही.

याचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेतल्या देशात, एका गर्दीच्या सरकारी रुग्णालयात मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी काम करत होते. काही पहिलटकरणींजवळ त्यांनी एक साधी, ओळख नसलेली बाई बसवली. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या बाळंतपणात काही गुंतागुंत झाली नाही अशा बायकांची तुलना केली, तेव्हा सोबत असलेलीला दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत सुमारे ९ तास लागले होते, आणि एकटीला सुमारे १९. शिवाय सोबत असलेल्या आया नंतर बाळाला जास्त कुरवाळत होत्या, त्याच्याशी जास्त बोलत होत्या.

पुढे अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात केनेल आणि क्लाउस यांनीच आणखी एक अभ्यास केला, तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन गट होते. एकटीनं कळा सोसणाऱ्या गटात १८ टक्के बायकांचं सिझेरियन झालं. डूला असलेल्या गटात ८ टक्के. मधल्या गटात खोलीच्या एका बाजूला फक्त नोंदी घेणारी बाई बसवली होती. ती एक शब्दही बोलत नव्हती. त्या गटाचा आकडा १३ टक्के. म्हणजे खोलीत आपलं कुणीतरी माणूस नुसतं बसलेलं असलं तरी फरक पडतो. ‘नुसतं बसायचे पैसे?’ असं कुणी विचारलं की मला हा अभ्यास आठवतो. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेनं १७ देशांतल्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला: सतत सोबत असेल तर आपोआप प्रसूती होण्याची शक्यता वाढते, सिझेरियनची कमी होते, आणि या सोबतीमुळे अपाय झाल्याचं दिसलं नाही.

माझं काम साधारण सातव्या-आठव्या महिन्यात सुरू होतं. दोन-तीनदा भेटते. कळा कशा ओळखायच्या, दोन कळांमधलं अंतर कसं मोजायचं, दवाखान्यात कधी निघायचं, हे बोलून घेते. अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं आणि ते हिरवट दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर माझी वाट न बघता ताबडतोब निघायचं, हे पुन्हा पुन्हा सांगते. प्रत्यक्ष कळांच्या वेळी मी कमरेखाली तळहातानं दाब देते, गरम पाण्याची पिशवी लावते, तिला भिंतीला टेकून उभं राहायला, कुशीवर वळायला, फेऱ्या मारायला मदत करते. डॉक्टरांची हरकत नसेल तर घोट घोट पाणी देते. लघवीला जाऊन येण्याची आठवण करते. बाहेर बसलेल्या माणसांना आतलं सांगते. कळ आली की मी कमी बोलते.

जे करत नाही तेही सांगायला हवं. मी आतून तपासत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध देत नाही, घरी बाळंतपण करत नाही. आपल्याकडे डूलाला सरकारी परवाना लागत नाही, म्हणून कुणी डूला म्हणवून ‘मीच सोडवते, दवाखाना कशाला?’ असं म्हणाली तर तिला दारातूनच नमस्कार करा.

या कामात मी एक मोठी चूक केली आहे. सुरुवातीची वर्षं होती. एका पहिलटकरणीच्या कळा रेंगाळल्या होत्या. डॉक्टरबाई आल्या, म्हणाल्या, आता सिझेरियनचा विचार करावा लागेल. तिनं काही बोलण्याआधी मीच म्हणाले, ‘‘तिला सिझेरियन नकोय, मॅडम. अजून थांबता येईल.’’ डॉक्टरबाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढची चाळीस मिनिटं ती मुलगी आत एकटी होती आणि मी बाहेरच्या बाकावर, माझी आई बसली होती तशी. तिच्या हक्कासाठी भांडायला गेले आणि जी एक गोष्ट तिला द्यायची होती तीच घालवून बसले.

तेव्हापासून मी तिच्या वतीनं बोलत नाही. त्याऐवजी आठव्या महिन्यातच तिच्याकडून चार प्रश्न पाठ करून घेते. हे कशासाठी करायचं आहे? यात धोका काय? दुसरा उपाय आहे का? आणि तासभर थांबलो तर काय होईल? वेळ आली की मी फक्त म्हणते, ‘‘तुला काही विचारायचं होतं ना?’’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे. मध्यंतरी एकीनं हे सगळे प्रश्न विचारले. डॉक्टरांनी बाळाच्या ठोक्यांचा कागद दाखवला, थांबणं का नको ते सांगितलं, आणि तिनं स्वतः सही केली. सिझेरियनच झालं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, ‘‘ताई, मला विचारून केलं त्यांनी.’’ माझं काम झालं होतं. नॉर्मल होईल अशी हमी मी कुणालाच देत नाही.

विचारणं हा नुसता शिष्टाचाराचा भाग नाही, तो कायद्याचा भाग आहे. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईवर काय उपचार करायचे याची संमती तिचीच हवी, आणि तीही माहिती देऊन घेतलेली. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. न्यायालयानं ती संमती ग्राह्य धरली नाही. जीव वाचवण्यासाठी थांबणं शक्यच नसेल, तर गोष्ट वेगळी. पण एरवी नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही म्हणजे तिची सही नव्हे.

सोबतीचं म्हणाल, तर २०१६ साली केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी जवळ एक सोबतीण ठेवायला मान्यता दिली. अटी साध्या आहेत. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, कर्मचाऱ्यांच्या कामात तिनं ढवळाढवळ करू नये. जिथे इतर बायकांचा आडपडदा राखता येतो तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. २०१७ साली सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या कार्यक्रमातही सन्मानानं वागवण्यावर भर आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या मोफत आहेत. आपल्या उपचारांचे कागद मागितले तर ते ७२ तासांत द्यावेत, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ सालच्या आचारसंहितेत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाळंतपणाविषयी ५६ शिफारशी केल्या. पसंतीचं माणूस जवळ असू द्यावं, धोका नसेल तर बाईला खाऊ-पिऊ आणि हिंडू-फिरू द्यावं, सरसकट छेद घेऊ नये, पोटावर दाबून बाळ खाली ढकलू नये, पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा आग्रह धरू नये, हे त्यात आहे. आमच्या लेबर रूममध्ये एक सिस्टर आणि चार खाटा असतात, हेही मला दिसतं. त्या सिस्टरला शत्रू समजून चालणार नाही. जवळ कुणी बसलेलं असलं तर तिचाही भार हलका होतो.

बहुतेक घरांना डूला परवडणार नाही, आणि लहान गावात ती मिळणारही नाही. म्हणून शेवटचं सांगणं आहे ते आयांना, सासवांना, मावश्यांना, मोठ्या बहिणींना. आठव्या महिन्यात दवाखान्यात जाल तेव्हाच विचारून ठेवा, ‘आमच्यातलं कोण आत थांबू शकेल?’ ऐन वेळी दारात वाद नको. आत गेलात की मोबाइल बंद ठेवा. आपल्या बाळंतपणाच्या कहाण्या सांगू नका. ‘आम्ही नाही का सोसलं?’ हे तर नकोच. ती ओरडली तर ओरडू द्या. तिचा हात धरायचा तर तुमचा हात खाली ठेवा, तिनं वरून धरू दे. म्हणजे हवा तेव्हा तिला सोडता येतो. आणि कुणी काही करायला आलं, तर हळूच विचारा, ‘काय करणार आहात, तिला सांगाल का?’

माझी आई आता थकली आहे. मी रात्री-अपरात्री बॅग घेऊन निघाले की अजूनही विचारते, ‘‘तुला आत सोडतात का गं?’’ सोडतात, असं मी सांगते. मग ती दाराची कडी लावून घेते.

(रेडिओवरील भाषण, संपादित)