सोंगणीतील जखमा : पहिला उपचार शेतातच

बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की विळ्याने हात कापण्याचे प्रसंग नित्याचे होतात. शेतमजुराचा हात हेच त्याच्या कुटुंबाचे भांडवल. म्हणून 'साधे कापले' असे म्हणून जखमेकडे दुर्लक्ष करणे उचित नव्हे.

रक्त थांबविण्यासाठी जखमेत माती, राख, चुना वा तंबाखू भरण्याची प्रथा घातक आहे. धनुर्वाताचे जंतू माती व शेणात सुप्तावस्थेत असतात आणि हवा न पोहोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात.

योग्य उपचार सोपा आहे. स्वच्छ कापडाने जखम सलग १० मिनिटे दाबून धरावी व हात उंच ठेवावा. रक्त थांबल्यावर भरपूर स्वच्छ पाण्याने जखम धुवावी, कोरडे कापड बांधावे. रक्त न थांबल्यास दाब कायम ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, तर टाक्यांसाठी शक्यतो ६ ते ८ तासांत यावे. उशिरा आलेली, मळलेली जखम लगेच शिवल्यास जंतू आत कोंडले जातात. ती काही दिवस उघडी ठेवावी लागते. बोट बधिर झाल्यास मज्जातंतू, तर न वाकल्यास स्नायुबंध तुटल्याची शंका घ्यावी.

मळलेल्या जखमेत धनुर्वाताच्या लसीची शेवटची मात्रा घेऊन ५ वर्षे लोटली असल्यास ती पुन्हा घ्यावी लागते. नंतर लाली, सूज, पू वा ताप दिसताच पुन्हा दाखवावे.

शेतात जाताना शिदोरीसोबत स्वच्छ पाणी व धुतलेले कापड न्यावे. एवढ्यानेही एखादा कष्टकरी हात वाचू शकतो.