एकच खडा, पण रुग्ण वेगवेगळे

कुणाला मुतखडा झाला, की घरोघरी सल्ले सुरू होतात. टोमॅटो-पालक बंद करा, कुळथाचं कढण घ्या, पानफुटीची पानं खा. पण सगळे खडे एका जातीचे नसतात. आणि एकाच जातीचा खडा असलेले रुग्णही एकसारखे नसतात, हे मी जरा उशिराच शिकलो.

बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात. साधारण दहांतला एक यूरिक ॲसिडचा असतो. शेले या रसायनशास्त्रज्ञानं १७७६ मध्ये मूत्राशयातल्या खड्यांमधूनच हे आम्ल शोधून काढलं. असा खडा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करावा लागतो. पण त्याचा एक मोठा गुण आहे. तो औषधानं विरघळू शकतो.

लघवी किती आंबट आहे, हे पीएच या मापानं कळतं. सातच्या खाली जावं तसा आंबटपणा वाढतो. साडेपाचच्या खाली यूरिक ॲसिड नीट विरघळत नाही, त्याचे कण जमू लागतात. सातच्या जवळ तेच दहापटीहून जास्त विरघळतं.

माझ्याकडे ५२ वर्षांचे एक भुसार व्यापारी आले होते. शाकाहारी, पोट सुटलेलं, मधुमेह. त्यांचा खडा यूरिक ॲसिडचा निघाला. मी यूरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी दिली आणि निर्धास्त झालो. दोन वर्षांनी दुसरा खडा नळीत अडकला, मूत्रपिंडाला सूज आली. त्यांच्या रक्तातलं यूरिक ॲसिड पहिल्यापासूनच हद्दीत होतं. लघवीचा पीएच मात्र मी पाहिलाच नव्हता. तो दिवसभर पाचच्या आसपास होता. चूक माझी होती.

असं का होतं? शरीरात रोज तयार होणारं आम्ल मूत्रपिंड बाहेर टाकतं, तेव्हा अमोनिया त्याला धरून ठेवतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की मूत्रपिंडात अमोनिया कमी तयार होतो आणि लघवी आंबट राहते. स्थूल आणि मधुमेही माणसांत हा खडा जास्त आढळतो, तो यामुळे. त्यांना पोटॅशियम सिट्रेट दिलं. मागे राहिलेला बारीक खडा काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना विरघळला.

दुसरे गृहस्थ मटण, कलेजी आणि बिअरचे शौकीन. पायाचा अंगठा सुजून ठणकायचा, म्हणजे गाऊट. त्यांच्या लघवीत यूरिक ॲसिडच फार उतरत होतं. इथे पथ्य हवंच होतं आणि तीच ॲलोप्युरिनॉलची गोळी उपयोगी पडली.

तिसऱ्या बाई अगदी सडपातळ. आजारामुळे मोठं आतडं काढलेलं, शौच पोटावरच्या पिशवीत पातळ होई. त्या वाटे पाणी आणि क्षार दोन्ही निघून जात. लघवी दिवसाला लिटरभरही नाही आणि तीही आंबट. त्यांना मटण सोडा म्हणून काय उपयोग? गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणं, हाच त्यांचा उपचार.

तिघांनाही भरपूर पाणी हवं. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी इतकं. लघवीचा आंबटपणा कमी करणारं औषधही बहुतेकांना लागतं. पण ते मनानं घेऊ नका. मूत्रपिंड अशक्त असेल, तर सिट्रेटमधलं पोटॅशियम रक्तात साचून जिवावर बेतू शकतं. खाण्याच्या सोड्यात सोडियम असतं, ते रक्तदाबाच्या रुग्णांना बाधतं. पीएच सातच्या वर गेला, तर दुसऱ्याच जातीचे खडे होऊ शकतात. साडेसहाच्या आसपास ठेवणं बरं.

म्हणून एक विनंती. खडा पडला, तर फेकू नका. डबीत घालून तपासायला द्या. आणि डॉक्टरांना जरूर विचारा, ‘माझ्या लघवीचा पीएच किती आहे?’ त्या व्यापाऱ्यांनी मला हा प्रश्न विचारला असता, तर त्यांची दुसऱ्या वेळची कळ कदाचित टळली असती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)