बारा दिवसांचा आठवडा

आपल्या सात वारांवर ग्रहांचा अंमल चालतो. परंतु चीनचा युन्नान प्रांत, म्यानमारचा शान मुलूख, लाओस आणि उत्तर थायलंड येथील डोंगरमाथ्यांवर वसलेल्या आखा लोकांच्या परंपरागत कालगणनेत हाच अधिकार म्हैस, वाघ, घोडा, मेंढी, माकड, कोंबडी, कुत्रा, डुक्कर, उंदीर आदी प्राण्यांकडे असून प्रत्येकाची पाळी बारा दिवसांनी परत येते. चिनी द्वादशचक्राशी या क्रमाचे नाते उघड दिसते, मात्र त्या चक्रात ज्याला प्रवेश नाही त्या गाढवालाही येथे स्वतःचा एक वार मिळालेला आहे. आपल्या भाषेने या कष्टाळू जनावराची जी संभावना केली आहे, ती आठवता हा सन्मान मला विशेष हृद्य वाटतो. बाराचे हे आवर्तन चांद्रमासाशी जुळत नाही आणि सौरवर्षाशीही नाही, कारण 365 दिवसांत तीस फेरे होऊन पाच दिवस उरतातच. त्यामुळे भातपेरणीनंतर सुमारे 120 दिवसांनी, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात येणारा आणि याच वारांवरून ठरणारा आखांचा चार दिवसांचा झोपाळ्याचा उत्सव आपल्या तारखेच्या दप्तरात कायमचा नोंदविता येत नाही.