ऑक्टोबरनंतरची फुलं

दसरा होऊन गेला की कास पठारावरची गर्दी ओसरते. तेरड्याचे गुलाबी पट्टे विरतात, गेंद वाळतात, सीतेची आसवं दिसेनाशी होतात. पश्चिम घाटाबरोबर 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पठारावर सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. पण पाहुण्यांना ठाऊक असतो तो सप्टेंबरचा मेळा. हस्ताचा पाऊस सरला, ऊन तापू लागलं, गवत पिवळं पडलं, म्हणजे आता बघण्यासारखं काही उरलं नाही, असं धरूनच लोक गाड्या वळवतात.

सह्याद्रीच्या फुलांचा दुसरा अंक खरं तर तेव्हा सुरू होतो.

घाटातल्या उतारांवर सोनकीचं पिवळंधमक रान अजून टिकून असतं. शेताच्या बांधांवर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे डोलतात. पडीक जागी माणसाहून उंच दीपमाळ उभी राहते. तिच्या दांड्यावर एकावर एक चढत गेलेले काटेरी गोळे आणि त्यांतून डोकावणारी नारिंगी फुलं. मूळची आफ्रिकेतली ही वनस्पती इथे पुरती रुळली आहे आणि तिच्या मधासाठी शिंजीर पक्षी दिवसभर घिरट्या घालतात. देशावरच्या कोरड्या माळांवर उंटकटारीचे निळसर-पांढरे चेंडू दिसू लागतात, झुडपांच्या आडोशाला पिवळी कोरांटी उमलते. महाबळेश्वरच्या जंगलात थंडीच्या तोंडावर व्हायटी फुलते. कारवीच्या कुळातली ही झुडपं चिकट आणि उग्र वासाची असतात. सातेरी मधमाश्यांना मात्र ती फार आवडतात आणि मध काढणारी माणसं व्हायटीकडे डोळे लावून बसतात.

ही फुलं इतकी उशिरा का येतात? कासच्या जांभ्या खडकावर माती जेमतेम बोटभर असते. तिच्यातलं पाणी पाऊस थांबल्यावर फार दिवस राहत नाही, म्हणून सीतेची आसवं किंवा गेंदासारख्या चिमुकल्या वनस्पतींना घाई करावीच लागते. थोडी खोल माती, थोडा आडोसा मिळालेल्या झाडांचं गणित निराळं असतं. ती पावसाळाभर पानं वाढवतात, मुळं खाली नेतात, अन्न साठवतात. शिवाय नुसतं फूल उमलून भागत नाही, बीही पसरावं लागतं. सोनकीचं बी केसांच्या पांढऱ्या झुपक्यावर तरंगत जातं. ऐन आषाढात ते पिकलं असतं तर झुपका भिजून जागच्या जागी चिकटला असता. त्याला हवी असते कोरडी हवा आणि वारा. तेव्हा झाडाच्या हिशेबाने नोव्हेंबर हीच वेळेवरची वेळ आहे.

पण वेळ झाली हे झाडाला कळतं कसं? या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत तंबाखूच्या एका वाणाने दिलं. मेरीलँड मॅमथ नावाचा हा तंबाखू उन्हाळाभर उंच वाढत राही, फुलायचं नाव घेत नसे. हिवाळ्यात काचगृहात मात्र लगेच फुले. गार्नर आणि ॲलर्ड या दोन शास्त्रज्ञांनी भर उन्हाळ्यात त्याच्या कुंड्या दुपारीच अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या. दिवस लहान झाला असं समजून झाडं फुलली. त्यांचा निबंध 1920 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग केले. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी फुलणं थांबतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे झाड मोजतं ती रात्र. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य उजेडात एक रूप घेतं आणि अंधारात हळूहळू मूळ रूपाकडे परततं. उजेड-अंधाराची ही खूण आतल्या जैविक घड्याळाशी ताडून झाड रात्रीचा अंदाज बांधतं.

शेवंती पिकवणारे शेतकरी हे ज्ञान रोज वापरतात. फूल लांबवायचं असेल तर ते रात्री बागेत दिवे लावतात, लवकर हवं असेल तर काळा कपडा पांघरून अंधार वाढवतात. साताऱ्याच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा दिवस यांत जेमतेम दोन तासांचा फरक असतो. माणसाला सहज न जाणवणारा तो बदल कितीतरी झाडांना पुरतो.

पश्चिम भारतातल्या रानफुलांची ओळख ज्या ग्रंथाने पक्की केली, तो ग्रंथही असाच उशिरा आला. थिओडोर कुक यांचा जन्म 1836 चा, आयर्लंडमधला. 1860 मध्ये ते रेल्वेचे इंजिनिअर म्हणून इथे आले आणि त्यांनी वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल बांधला. 1865 पासून ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते. व्यवसाय पुलांचा, ओढ वनस्पतींची. 1893 मध्ये निवृत्त होऊन ते लंडनजवळच्या क्यू उद्यानात वाळवलेल्या नमुन्यांसमोर बसले आणि त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश रचला. तो 1901 ते 1908 या काळात भागाभागाने छापला गेला. पहिला भाग आला तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते, काम पुरं झालं तेव्हा बहात्तरचे. दोन वर्षांनी ते वारले.

त्या कोशाच्या पानांवर वुड्रो, कानिटकर अशा नमुने गोळा करणाऱ्यांची नावं ठिकठिकाणी भेटतात. एका पानाआड किती माणसांची पायपीट आहे, हे त्यावरून लक्षात येतं. पंचविशीतल्या कुकना हे पुस्तक लिहिता आलं नसतं. दोन सारख्या दिसणाऱ्या कोरांट्यांतला फरक ओळखायला नजर लागते आणि ती नजर हजारो नमुने हाताखालून गेल्यावरच येते. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार मांडले: नवं कोडं चटकन सोडवणारी आणि अनुभवातून साठत जाणारी. पहिली तारुण्यानंतर मंदावत जाते. दुसरी उतारवयातही टिकते, वाढतेही. वयाबरोबर येणाऱ्या शहाणपणाला आपण बहुधा विसाव्याची गोष्ट समजतो. कुक यांच्या बाबतीत मात्र ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत कष्टाचं काम होतं.

हा दुसरा अंक पाहायला फार दूर जावं लागत नाही. नोव्हेंबरात कुठल्याही घाटरस्त्याच्या कडेला थांबावं, एक भिंग जवळ असावं. पाय मात्र जपून टाकावेत, कारण वाळलेल्या गवतात पुढच्या वर्षीची फुलं बियांच्या रूपात पडलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवं गवत जोमाने यावं म्हणून डोंगरांना वणवे लावले जातात. उंटकटारीचं आणि सोनकीचं बी तेव्हा उघड्यावरच असतं, आणि कोरांटीच्या वाळल्या काटक्या तर पहिल्याच झळीला पेट घेतात.