लॉफ्टच्या जमिनीवरचं जहाज

माझगाव डॉकच्या लॉफ्टमध्ये मी शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा वय एकोणीस, साल १९६५. लॉफ्ट म्हणजे लाकडी फळ्यांची भलीमोठी मोकळी जमीन. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण त्या जमिनीवर जहाज काढायचं असे. लांबी थोडी आखडून, पण रुंदी-उंची खऱ्या मापात. गुडघ्यावर बसून लवचीक लाकडी पट्टी खिळ्यांमध्ये अडकवायची, कडेने रेघ ओढायची, मग गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून रेघेवरून नजर फिरवायची. "डोळ्याला खुपतंय का कुठे?" मिस्त्री विचारायचे. खुपलं तर खिळा उपटा, पुन्हा सगळं.

ते जहाज म्हणजे 'नीलगिरी'. आमच्या तोंडी मात्र 'लिअँडर', कारण नकाशे ब्रिटिश नौदलाच्या लिअँडर फ्रिगेटचे. विकर्स आणि यॅरो यांच्या सहकार्याने ते इथे बांधायचं ठरलं होतं. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, रेघा ओढताना मला नवल वाटे. आमच्या कोकणातल्या होडीची नाळसुद्धा वर उचललेली असते, पण ही तर सुरीसारखी धारदार, पाण्याखाली अगदी निमुळती, आणि वर एकदम उंच. तोफेच्या अलीकडे डेक पायरीसारखा खाली उतरे. मी मिस्त्रींना कारण विचारलं. ते म्हणाले, "तिकडचा दर्या आपल्यासारखा नसतो रे." पुढे मी कुतूहलापोटी वाचत गेलो, तेव्हा कळलं की उत्तर बरोबर होतं, फक्त अर्धं.

उरलेलं अर्धं जर्मनांकडे होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी त्यांनी टाइप २१ ही पाणबुडी आणली. ती पाण्याखालून ताशी सतरा नॉट पळे, आणि ब्रिटिशांच्या युद्धातल्या फ्रिगेटी वर जेमतेम वीस नॉट. वादळी अटलांटिकमध्ये तेवढंही नाही. जर्मनी हरली, पण त्या पाणबुड्या रशियनांच्याही हाती लागल्या. ब्रिटिशांनी घाईघाईने युद्धातल्या तेवीस विनाशिका छिलून-सुधारून टाइप १५ फ्रिगेटी केल्या. ही तात्पुरती मलमपट्टी. खरं उत्तर आलं १९५६ च्या 'व्हिटबी'पासून, म्हणजे टाइप १२ पासून. तीस हजार अश्वशक्तीची वाफेची टर्बाइन्स, जहाज ढकलणारे दोन पंखे, आणि लाटांवर आदळून वेग घालवणार नाही अशी नाळ. नाळ उंच, तोफ मात्र एक पायरी खाली. म्हणजे वजन खाली राहतं आणि जहाज कमी डोलतं. मी जमिनीवर ओढत होतो ती पायरी हीच.

पण टाइप १२ पाणबुडीमारच. विमानांवर मारा करायला टाइप ४१, आपल्या विमानांना दिशा दाखवायला टाइप ६१, आणि पैसा वाचवायला छोटी, एका पंख्याची टाइप १४. म्हणजे ताफा कुठे पाठवायचा तर लग्नाला आचारी, वाढपी आणि पाणक्या वेगवेगळे न्यावेत तसं. एखादा आला नाही की पंगत फसलीच म्हणून समजा. आपल्या नौदलानेही यातली बरीच घेतली: 'तलवार' आणि 'त्रिशूल' टाइप १२, 'ब्रह्मपुत्रा', 'बियास', 'बेटवा' टाइप ४१, आणि 'खुकरी', 'कृपाण', 'कुठार' टाइप १४. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. पाणबुड्यांच्या शिकारीसाठी बांधलेलं जहाज पाणबुडीनेच नेलं. त्या आठवड्यात लॉफ्टमध्ये कुणी मोठ्याने बोललं नाही.

सगळी कामं एकाच जहाजात आणण्याचा ब्रिटिशांचा पहिला प्रयत्न होता टाइप ८१, 'ट्रायबल'. आखाताच्या उकाड्यात गस्त घालायची म्हणून वातानुकूलन, शिवाय हेलिकॉप्टर. वाफेच्या जोडीला गॅस टर्बाइन; बॉयलर तापायची वाट न बघता बंदर सोडता येई. पण पंखा एकच आणि वेग बेताचा. सात बांधून थांबले.

मग त्यांनी शहाणपणा केला. नवं अंग शोधण्याऐवजी टाइप १२ चंच अंग घेतलं आणि त्यात सगळं बसवलं. पाणबुडीवर स्फोटकं फेकणाऱ्या दोन 'लिंबो' तोफांपैकी एक काढून त्या जागी वॉस्प हेलिकॉप्टरचा डेक. मोठं रडार. बाजूच्या गोल खिडक्या बुजवून आत थंड हवा. १९६३ मध्ये 'लिअँडर' ताफ्यात आली आणि १९७३ पर्यंत ब्रिटिशांनी सव्वीस बांधल्या. शेवटच्या दहांची रुंदी ४१ फुटांवरून ४३ केली. आमच्या जमिनीवर होती ती हीच रुंद जात. त्या दोन फुटांसाठी माझे गुडघे सोलले होते, म्हणून आकडा विसरत नाही.

पुढचं वाचून मला हसूच आलं. सगळी कामं करणारं जहाज हाती आलं, आणि १९७० च्या दशकात ब्रिटिशांनी त्यातल्या आठांची पुढची जोडतोफ काढून तिथे 'इकारा' बसवलं. पाणबुडीपर्यंत टॉर्पेडो उडवत नेणारं क्षेपणास्त्र ते. म्हणजे पुन्हा नुसती पाणबुडीमार! दुसऱ्या गटाची तोफ 'एक्झोसेट' क्षेपणास्त्रासाठी गेली. त्यातली 'आर्गोनॉट' २१ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात उभी होती. दोन बॉम्ब तिच्या अंगात घुसले, पण फुटले नाहीत, म्हणून वाचली. तोफ काढणं ही चूकच होती, असं माझं मत.

आपण ती चूक केली नाही. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते 'नीलगिरी' पाण्यात उतरली. आम्ही लॉफ्टवाले मागे, शेडच्या पत्र्याखाली. जहाज घसरत गेलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष झेंड्यांकडे, माझं नाळेकडे. ३ जून १९७२ ला ती नौदलात गेली. पाठोपाठ आणखी पाच आल्या. तोफ सगळ्यांची कायम, आणि शेवटच्या दोन, 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी', तर भारीभक्कम सी किंग हेलिकॉप्टर नेणाऱ्या.

मग 'गोदावरी' आली. यंत्रं लिअँडरचीच, अंग मात्र वाढवून १२६ मीटर, त्यात दोन सी किंग आणि रशियन क्षेपणास्त्रं. तिच्या रेघांसाठी लॉफ्टची जमीन घासून पुन्हा रंगवायची होती. ब्रश माझ्याच हातात दिला. खिडकीकडच्या कोपऱ्यात दोन हात मारले, तरी 'नीलगिरी'च्या नाळेची रेघ रंगाखालून दिसतच होती. मिस्त्री म्हणाले, "तिसरा हात मार." मी डबा रिकामा झाल्याचं सांगितलं.