जुनी मोटार : इतिहास आणि साधने

आमचे आजोबा बैल घ्यावयास बाजारात जात, तेव्हा लहानपणी मीही त्यांच्याबरोबर जात असे. बैलाचे तोंड उघडून ते दात पाहत, खांद्यावर हात फिरवीत, चार पावले चालवून बघत. परंतु एवढे झाल्यावरही पैशाची गोष्ट काढीत नसत. शेवटी एकच प्रश्न विचारीत, "कुणाच्या दावणीचा?" आधीचा मालक कोण, त्याने बैल का विकला, मधे किती हात बदलले, हे समजल्याखेरीज त्यांनी कधी बैल घेतला नाही.

या आजोबांचा नातू पुढे इतिहासाचा प्राध्यापक झाला. जुन्या कागदांची चिकित्सा कशी करावी हे विद्यार्थ्यांना शिकविण्यात माझी वीस वर्षे गेली. आणि तरीही २०२१ च्या डिसेंबरात मी जुनी मोटार घेतली ती दावणीची चौकशी न करताच. गेल्या महिन्यात एक माजी विद्यार्थी "सर, एक सेकंडहँड गाडी बघितली आहे, काय काय पाहू?" असे विचारीत घरी आला. त्याला जे सांगितले तेच येथे सविस्तर मांडतो.

प्रथम माझी फजिती. गाडी कोल्हापूरची, २०१६ सालची. दलाल म्हणाला, "एकहाती गाडी आहे सर, मालकांनी लेकरासारखी सांभाळली आहे." रंग चकचकीत, आसनांची कापडे कोरी, आणि किंमत बाजारभावापेक्षा साठ हजारांनी कमी. पाच वर्षांच्या गाडीत आसने नवी का, असा प्रश्न मला पडावयास हवा होता. मला नुसता आनंद झाला.

पुढच्या जून महिन्यात आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हृदयाच्या तपासणीसाठी गोव्याला न्यायचे होते. पहाटे निघालो. चोर्ला घाटात ऐन पावसात आधी दिवे गेले, मग काच पुसणारे वायपर थांबले, शेवटी इंजिन. मोबाईलला रेंज नव्हती. आप्पा मागे डोळे मिटून बसले होते. एक शब्द बोलत नव्हते, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. दीड तासाने गोव्याला भाजी नेणाऱ्या एका टेंपोवाल्याने आम्हांला साखळीपर्यंत सोडले. सुदैवाने आप्पांना काही झाले नाही.

गाडी ओढून बेळगावला आणली. मेस्त्रीने पायाखालचे कारपेट उचलले, तर खाली वाळलेल्या गाळाचा थर. तो म्हणाला, "सर, ही गाडी पाण्यात बुडलेली हाय बघा. वायरींच्या जोडात अजून माती हाय." जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला मोठा पूर आला होता, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते, परंतु आपल्या दारातील गाडीशी त्याचा संबंध मी लावला नव्हता.

खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. त्या रात्री गाडीच्या खणातील विम्याचे जुने कागद मी प्रथमच वाचले. वर्षभरात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला नाही, तर पुढील वर्षी त्या भागाच्या हप्त्यात सवलत मिळते. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पहिल्या निर्दोष वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि शेवटी पन्नास टक्के अशी ती चढत जाते. माझ्या गाडीच्या सप्टेंबर २०२० च्या कागदावर सवलत होती पंचेचाळीस टक्के. सप्टेंबर २०२१ च्या कागदावर शून्य. मधल्या वर्षात कोणीतरी नुकसानभरपाई घेतली होती. म्हणजे पुराची साक्ष देणारा कागद गाडीबरोबरच माझ्या हाती आला होता, आणि इतिहासाच्या प्राध्यापकाने तो उलगडूनही पाहिला नव्हता!

आमचे अर्थशास्त्राचे सहकारी हे ऐकून म्हणाले की, या दुखण्यावर नोबेल पारितोषिक मिळालेले आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ साली त्यांना दोघांसमवेत नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीचे गुणदोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा भीतीने मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही, आणि बाजारात वाईट गाड्यांचेच प्रमाण वाढत जाते. तेव्हा गाडीची चौकशी करणे म्हणजे विक्रेत्याचा अपमान नव्हे. प्रामाणिक विक्रेत्याला योग्य भाव मिळण्याचा तोच मार्ग आहे.

आता पद्धतीकडे वळू. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास आरंभ केला. मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या त्या काळचा अस्सल कागद अधिक विश्वसनीय, हा त्यांचा आग्रह होता. जुन्या मोटारीच्या बाबतीत दलालाचे बोलणे ही बखर समजावी. ती ऐकावी, रसिकतेने ऐकावी. परंतु तिच्यावर पैसे देऊ नयेत. अस्सल साधने निराळी आहेत, आणि ती एकमेकांशी ताडून पाहावयाची असतात.

पहिले साधन नोंदणीपत्र, म्हणजे आर.सी. त्यावरील मालकाचे नाव आणि समोर बसलेला विक्रेता एकच आहे काय? नसल्यास का नाही? मूळ मालक वारला असेल, तर गाडी आधी वारसाच्या नावे व्हावी लागते; त्यासाठी नमुना ३१ आहे. मालकाचा अनुक्रम पाहावा. 'एकहाती' म्हणून सांगितलेली गाडी तेथे तिसऱ्या मालकाची निघू शकते. वाहनाचा वर्ग पाहावा. पूर्वी टॅक्सी म्हणून किंवा भाड्याने फिरलेल्या गाडीची झीज निराळीच असते. मग चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून ताडावेत. चासी नंबर सतरा अक्षरांकांचा असतो, आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच येत नाहीत, कारण ती एक व शून्य या अंकांसारखी दिसतात. नंबराभोवती घासल्याच्या वा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या, तर तेथूनच नमस्कार करून परतावे.

हाती दिलेली आर.सी. खरी कशावरून? त्यासाठी केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक घालावा. नोंदणीची तारीख, वर्ग, इंधन, विम्याची मुदत इत्यादी माहिती तेथे मिळते. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते, तरी ताडण्यापुरते पुरते. दंडाची थकलेली ई-चलने सरकारी संकेतस्थळावरच निराळी पाहता येतात. मागच्या मालकाचा दंड आपण का भरावा?

दुसरे साधन कर्जाचे. गाडी कर्जावर घेतली असेल, तर बँकेचा बोजा आर.सी.वर नोंदलेला असतो. कर्ज फिटले एवढे तोंडी सांगून भागत नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आर.टी.ओ.कडे देऊन तो बोजा उतरवावा लागतो. तो उतरल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

तिसरे साधन विम्याचे कागद. ते मी भरपूर दक्षिणा देऊन शिकलो आहे. केवळ चालू वर्षाचा कागद न पाहता मागील तीन-चार वर्षांचे मागावेत आणि सवलतीचा आकडा क्रमाने वाचावा. तो मध्येच शून्यावर आला असेल, तर कारण विचारावे. विमा नव्वद दिवसांहून अधिक खंडित राहिला तरी सवलत जाते. म्हणून शून्य म्हणजे अपघातच असे नव्हे. परंतु प्रश्न विचारण्यास तेवढे पुरे.

चौथे साधन दुरुस्तीची नोंद. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी तारीख व किलोमीटर लिहिले जातात. मालकाला बरोबर घेऊन जावे आणि तो उतारा मागावा. समजा, आज मीटर अडतीस हजार दाखवितो आणि तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीत एकसष्ट हजार आहेत, तर मीटर मागे फिरविला आहे, यासाठी पंडित लागत नाही. नोंद नसेल तर टायर बोलतात. टायरच्या अंगावर चार अंक असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. २०१८ च्या गाडीला २०२१ चे चारही टायर असतील आणि मीटर पंचवीस हजारच दाखवीत असेल, तर पहिले टायर इतक्या लवकर कसे संपले, हे विचारावे. काचांवरही निर्मितीच्या सालाची खूण असते. एकच काच निराळ्या सालची असेल, तर ती केव्हा व कशाने फुटली?

पाचवे साधन गाडीचे शरीर. पुराची शंका असेल तर कारपेट उचलावे, आसनांखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे काय पाहावे, आणि सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढावा. धुताना सहसा बाहेर दिसतो तेवढाच भाग धुतला जातो. गुंडाळलेल्या भागावर पाण्याची रेघ राहते. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट खरवडलेले दिसले, तर ते कधीतरी खोलले होते असे समजावे. येथे मात्र ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यावा. त्याचे दोन-तीनशे रुपये वाचविणे म्हणजे वकील न घेता कोर्टात उभे राहणे.

आम्हां सीमाभागातील लोकांस आणखी एक अध्याय आहे. बेळगावच्या रस्त्यावर के.ए. २२ बरोबर कोल्हापूरची एम.एच. ०९ आणि गोव्याची जी.ए. पाटी नित्य दिसते. पाहुणेसोयरे तिन्ही राज्यांत, तशा गाड्याही. परंतु परराज्यातील गाडी घेऊन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र, नमुना २८, हवे. शिवाय येथील कर भरावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज व खेटे आपलेच. हा सारा खर्च किमतीत मिळवून पाहिला म्हणजे 'स्वस्त' गाडी पुष्कळदा स्वस्त राहत नाही.

शेवटचा मुद्दा विकणाऱ्यांसाठी. नमुना २९ व ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी दलालाच्या हवाली करण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले की, आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव तोच कायद्याने मालक. मधे गाडी चार हात फिरली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून एकाच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावयाचे असते. विमा कंपनीलाही चौदा दिवसांत कळवून विमा आपल्या नावे करून घ्यावा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये निराळे नियम झाले असून १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत. त्यांप्रमाणे व्यापाऱ्याकडे आर.टी.ओ.चे अधिकारपत्र असावे लागते आणि गाडी ताब्यात आल्याचे त्याच्यामार्फत कळविले जाते. व्यापाऱ्याकडे गेल्यास ते अधिकारपत्र निःसंकोच मागावे.

२०२३ साली मी दुसरी जुनी गाडी घेतली. या वेळी पाच गाड्या पाहिल्या आणि चार नाकारल्या : एकीवर बोजा, एकीचा मीटर फिरविलेला, एकीचा मालक भेटेना, आणि एकीचा चासी नंबर वाचू देण्यास दलाल तयार होईना. पाचवी एका निवृत्त शिक्षकांची होती. गाडी तशी साधी, उजव्या दारावर ओरखडा. तो ओरखडा कधी व कोणत्या फाटकाला लागला हे त्यांनी न विचारताच सांगितले आणि सर्व्हिसिंगच्या पावत्यांची दोऱ्याने बांधलेली चळत पुढे ठेवली. तिच्यातील प्रत्येक आकडा वर्कशॉपच्या नोंदीशी जुळला. ठरल्या भावात मी एक रुपयाही कमी केला नाही.

गाडी दारात आणली तेव्हा आप्पा बाहेर आले. घाटातील तो दिवस ते विसरले नव्हते. गाडीला एक फेरी घालून त्यांनी आजोबांचाच प्रश्न विचारला, "कुणाच्या दावणीची?" या वेळी मला उत्तर देता आले. मग ते दार उघडून पुढच्या आसनावर बसले.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्यास ठेच मागचा शहाणा. ठेच मला लागून चुकली आहे. तुम्हांला पुन्हा लागण्याचे कारण नाही.