नोटीस मालकाच्या नावे

बगदादच्या परिसरात तेल हरमल नावाचे एक टेकाड आहे. 1945 आणि 1947 साली इराकी पुरातत्त्वज्ञ ताहा बाकिर यांच्या उत्खननात तिथे मातीच्या दोन पाट्या मिळाल्या. त्यांवर एश्नुन्ना या नगरराज्याचे कायदे कोरलेले होते. हे कायदे जवळजवळ 3,800 वर्षांपूर्वीचे आहेत. त्यातले एक कलम पिसाळलेल्या कुत्र्याविषयी आहे. कुत्रा पिसाळला असल्याचे वस्तीच्या कारभाऱ्यांनी मालकाला कळवले, तरीही त्याने कुत्र्याला आवरले नाही, आणि चाव्याने माणूस दगावला, तर मालकाने 40 शेकेल चांदी भरावी, असे हे कलम सांगते. मरणारा गुलाम असेल तर 15 शेकेल. माणसामाणसांत केलेला हा फरक वाचताना मन विटते. पण कलमाची बांधणी मात्र थक्क करणारी आहे. लक्ष ठेवायचे वस्तीने, कळवायचेही वस्तीने, आणि कळल्यानंतर जे घडेल ते मालकाच्या माथी. कुत्र्यांविषयीच्या स्थानिक नियमांत याहून शहाणे काही लिहिले गेले असेल, असे मला वाटत नाही. मुंबईचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला की नेमके हेच कलम आपल्याकडे कुठे हरवले, ते कळते.

आधी पारशी धर्मग्रंथाकडे वळायला हवे, कारण मुंबईतली कुत्र्यांची कथा तिथूनच सुरू होते. वेंदिदादच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला इजा करणाऱ्यासाठी कडक शिक्षा सांगितल्या आहेत. त्याला वाईट अन्न घालणे हाही तिथे अपराध आहे. मृतदेह कुत्र्याच्या नजरेखालून नेण्याचा सगदीद हा विधी पारशी अंत्यसंस्काराचा भाग आहे. इतकी माया असूनही तेच प्रकरण म्हणते की घरचा कुत्रा न भुंकता चावू लागला तर त्याच्या गळ्यात लाकडी खोडा अडकवा आणि त्याला बांधून ठेवा. त्याने माणसाला किंवा मेंढराला जखमी केले, तर त्याच्यासाठी शिक्षाही सांगितली आहे. कुत्र्यावरची माया आणि त्याच्यावरचा लगाम यांत या ग्रंथाला विरोध दिसत नाही. आजच्या सोसायट्यांच्या भांडणांत दोन्ही बाजूंना नेमका हाच विरोध दिसतो.

ठरावीक महिन्यांत बेवारस कुत्री मारण्याची मुभा मुंबईत कंपनी सरकारच्या नियमाने आधीपासूनच होती. 1832 मध्ये तो हंगाम लांबवला गेला आणि मारलेल्या कुत्र्यामागे 8 आण्यांचे बक्षीस होते. त्या काळी 8 आणे ही लहान रक्कम नव्हती. बक्षिसाच्या आशेने शिपायांनी पाळलेली कुत्रीही सोडली नाहीत, घरात शिरून ती ओढून नेली, अशा तक्रारी झाल्या. 6 जून रोजी पारशी जमावाने फोर्टात शिपायांना अडवले. 7 जूनला बाजार बंद पडला. जैन आणि हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद थांबली, तेव्हा लष्कर रस्त्यावर आले आणि धरपकड झाली. इतिहासात ही घटना ‘कुत्र्यांचा दंगा’ म्हणून नोंदली गेली. जमशेदजी जीजीभाई आणि अमिचंद शाह यांनी 1834 मध्ये मुंबईचे पांजरापोळ स्थापन केले, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

या दंग्याकडे बहुधा धार्मिक भावनांचा उद्रेक म्हणून पाहिले जाते. ती बाजू खरीच आहे, पण मला त्यात प्रशासनाची एक सवयही दिसते. रस्त्यावरचे कुत्रे कोणाचे, हा प्रश्न कंपनी सरकारने विचारलाच नाही. मालक शोधणे आणि त्याला समज देणे, मग दंड करणे, हा कष्टाचा मार्ग. शिपायाच्या हाती काठी देणे त्याहून सोपे. मालक नोंदलेलाच नसेल तर पाळीव आणि बेवारस हा फरक शिपायाने तरी कशावरून करायचा?

खुद्द ब्रिटनमध्ये मात्र रेबीजशी लढताना मालकाला मध्यभागी आणले गेले. 1897 मध्ये शेती मंडळाचे अध्यक्ष वॉल्टर लाँग यांनी कुत्र्यांना मुसकी बांधण्याची सक्ती मोठ्या प्रदेशांवर लागू केली. परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांना वेगळे ठेवण्याचे नियम आले. श्वानप्रेमींनी लाँग यांच्यावर टीकेची झोड उठवली, पण ते मागे हटले नाहीत. 1902 पर्यंत तिथून रेबीज गेला. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे तो परतला आणि 1922 पर्यंत पुन्हा हटवला गेला. रेबीजची लस कुत्र्यांना सरसकट टोचण्याचे दिवस तेव्हा यायचे होते. सगळी मदार मालकाने आपल्या कुत्र्याच्या तोंडाला काय बांधले, यावर होती.

आपल्याकडे मालक कायद्यात आला तो करदाता म्हणून. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमात कुत्र्यांची तरतूद गाड्या-घोड्यांवरील करांच्या शेजारी बसवलेली आहे. पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यायचा, तो दरवर्षी नवा करायचा, बिल्ला गळ्यात अडकवायचा. परवान्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, ही त्यातली मोलाची गोष्ट. पण कुत्रा चावला की या कागदाचे काय होते? जखमी माणूस ज्या दवाखान्यात जातो, तिथे चावणाऱ्या कुत्र्याचा परवाना तपासणारे कोणी नसते. भटक्या कुत्र्यांना मारण्याची रीत पालिकेने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालवली. 1998 साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्बीजीकरणाच्या वाटेवर शिक्कामोर्तब केले. 2001 मध्ये केंद्राचे प्राणी जन्मनियंत्रण नियम आले आणि 2023 मध्ये त्यांची नवी आवृत्ती.

2001 च्या नियमांत एक वाक्य होते, ज्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले. पाळीव कुत्र्याच्या प्रजननावर नियंत्रण, लसीकरण, निर्बीजीकरण आणि परवाना यांची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती त्या-त्या भागातल्या स्थानिक कायद्यानुसार पार पाडायची आहे, असा त्याचा आशय. म्हणजे केंद्राने दोर स्थानिक संस्थेच्या हाती दिला होता. नगरपालिकांनी आणि महापालिकांनी तो ओढला का? बहुतेकांनी निर्बीजीकरणाची गाडी फिरवली आणि मालकाला विसरून गेल्या.

मग मालकाला गाठायचे कोणी? फौजदारी कायद्याने. भारतीय न्याय संहितेचे कलम 291 प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणासाठी 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. जुन्या दंड संहितेच्या कलम 289 मध्ये दंडाची मर्यादा 1,000 रुपये होती. मुंबईत 2010 मध्ये एका रॉटवायलरने मालकाच्या वृद्ध नातेवाईकाला चावे घेतले. मालकाला 3 महिन्यांची शिक्षा झाली ती 2023 मध्ये. वरळीच्या एका इमारतीत 2018 मध्ये लिफ्टमध्ये हस्कीने शेजाऱ्याला चावा घेतला आणि 4 महिन्यांची शिक्षा 2025 मध्ये सुनावली गेली. निकाल योग्य आहेत, पण पहिल्याला 12 वर्षांहून अधिक काळ लागला आणि दुसऱ्याला 7 वर्षे. शिक्षा इतक्या उशिरा येत असेल, तर आज जो मालक सैल पट्ट्याने कुत्रा लिफ्टमध्ये नेतो, त्याच्या मनात ती कुठून येणार?

म्हणूनच स्थानिक नियमाचे महत्त्व. नोएडा प्राधिकरणाने 2022 मध्ये ठरवले की पाळीव कुत्र्यामुळे कोणी जखमी झाल्यास मालकाला 10,000 रुपये दंड, आणि उपचाराचा खर्चही त्याचाच. रक्कम कमी-जास्त असू शकेल, पण दिशा बरोबर आहे. जखमी माणसाला कोर्टाची पायरी न चढता काही मिळते. केंद्राने मात्र मार्च 2024 मध्ये 23 जातींवर बंदीचे परिपत्रक काढले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. जातीवर बंदी घालणे ही 1832 चीच सवय आहे. तिथेही मालक सुटतो. कॅनडातल्या कॅल्गरी शहराने 2006 मध्ये नियम केला तो जातींवर बंदी न घालता. त्याच्या नावातच ‘जबाबदार मालकी’ आहे. परवाना शुल्कातून प्राणी विभागाचा खर्च भागवायचा आणि चुकणाऱ्या मालकाला जड दंड करायचा, ही तिथली रीत.

इथे कोणी म्हणेल की आपल्याकडे प्रश्न पाळीव कुत्र्यांचा नाही, भटक्यांचा आहे. मुंबईत पालिकेच्या 2014 च्या गणनेत 95,172 भटकी कुत्री मोजली गेली. 2024 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 4 लाख 85 हजार चाव्यांची नोंद झाली, पण त्यात पाळीव किती आणि भटके किती, याची फोड केलेली नव्हती. ही फोड नसणे मला सगळ्यात जास्त खटकते. गावाकडे तर दारात भाकरी खाणारा आणि रात्रभर मोकळा फिरणारा कुत्रा पाळीव की भटका, हे ठरवणेच अवघड. तो घराची राखण करतो, मुले त्याला हाक मारतात, पण चावला की तो कोणाचाच नसतो.

गोव्याने या अडचणीवर मात करून दाखवली. तिथे घरातले, दारातले, समुद्रकिनाऱ्यावरचे असे दरवर्षी सुमारे 1 लाख कुत्रे पकडून त्यांना लस टोचली गेली. शाळांमध्ये मुलांना शिकवले गेले, संशयित कुत्र्याची खबर द्यायला हेल्पलाइन आली. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या आदेशांनी शहरे ढवळून निघाली. ऑगस्टमध्ये आधी दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यात हलवा, मग तो आदेश बदलून, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून, आक्रमक आणि रेबीजग्रस्त वगळता, त्यांना मूळ जागी सोडा. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारातून हलवा. बातम्यांमध्ये, मोर्च्यांमध्ये, घरातल्या जेवणाच्या ताटावरही याच गोष्टीची चर्चा होती. या सगळ्यात पाळीव कुत्र्याच्या मालकाविषयी फारच थोडे बोलले गेले. नको असलेली पिल्ले रस्त्यावर सोडून देणारा, वय झालेला कुत्रा गाडीतून दूरच्या हायवेवर उतरवून येणारा मालक या आदेशांच्या आवाक्यात येतच नाही. तो नोंदणीत यायला हवा. प्रत्येक वॉर्डात चाव्यांची वही हवी, तिच्यात दवाखान्याने जागा आणि मालकाचे नाव लिहावे. एकदा तक्रार आली की लेखी नोटीस, दुसऱ्या वेळी दंड आणि उपचाराचा खर्च. यासाठी नवा केंद्रीय कायदा लागत नाही. पालिकेच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव आणि तो राबवणारा एक पशुवैद्यकीय अधिकारी पुरेसा आहे. येत्या अर्थसंकल्पात आपल्या वॉर्डासाठी ते पद भरले जाणार आहे का, हे आपल्या नगरसेवकाला विचारा.